जुन्या ओतीव ॲल्युमिनियमची स्वच्छता : कसब, आरोग्य आणि गावाचे पाणी

ठाणे जिल्ह्यात भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेलार हे गाव आहे. भिवंडी परिसराचा लौकिक प्रामुख्याने यंत्रमागांचे केंद्र म्हणून आहे. त्याच्या जोडीला गेल्या काही दशकांत मालाच्या गोदामांचा मोठा पसारा या तालुक्यात उभा राहिला. जेथे माल तेथे वाहन आणि जेथे वाहन तेथे दुरुस्तीचे दुकान, हा क्रम ठरलेलाच असतो. मालमोटारी, टेम्पो, रिक्षा, मोटारसायकली यांची इंजिने उघडणारी आणि जोडणारी छोटी छोटी दुकाने अशा रस्त्यांच्या कडेने उभी राहतात. त्यांवर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो आणि शेकडो तरुण तेथेच पहिला पाना हातात धरतात.

या दुकानांतील एक काम अगदी सामान्य मानले जाते. इंजिनाचे सुटे केलेले भाग धुऊन स्वच्छ करणे, हे ते काम. सर्वांत नवख्या मुलाकडे ते सोपविले जाते. वास्तविक, ओतीव ॲल्युमिनियमच्या जुन्या भागाच्या बाबतीत हेच काम सर्वांत अधिक जाणकारीचे आहे. चुकीच्या द्रवात बुडविलेला भाग तासाभरात कायमचा निकामी होऊ शकतो. तोच द्रव हाताची कातडी जाळतो आणि तोच पुढे गटारातून नाल्यात व नाल्यातून नदीत जातो. कामवारी नदी भिवंडी परिसरातूनच वाहत जाऊन वसईच्या खाडीला मिळते. तेव्हा एका दुकानातील धुण्याचा टब हा केवळ त्या दुकानाचा प्रश्न राहत नाही, तो ग्रामपंचायतीचाही प्रश्न होतो. सुदैवाने या प्रश्नाचे उत्तर खर्चिक नाही. जी पद्धत धातूला मानवते, तीच माणसाला आणि पाण्यालाही मानवते, हे या विषयाचे सार आहे.

जुना भाग का जपावा?

१९४४ साली वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० या मोटारीचे उत्पादन होत असे. तीच मोटार १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे ती रूपच बनली. तिच्या इंजिनाचा ठोकळा ओतीव लोखंडाचा, तर त्यावरील सिलिंडर हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असे. या मोटारीचे उत्पादन बंद होऊन दोन दशकांहून अधिक काळ लोटला. मुंबईत टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर अखेरची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीही सेवेतून निवृत्त झाली. परंतु खाजगी मालकांनी जपलेल्या अशा मोटारी आजही आहेत. तसेच जुन्या स्कूटरी व मोटारसायकलीही घरोघरी सांभाळलेल्या आढळतात. त्यांचे नवे सुटे भाग आता कारखान्यातून येत नाहीत. हाती असलेला भाग वाचविणे किंवा भंगारातून मिळालेला भाग कामाजोगा करणे, हेच दोन मार्ग उरतात.

केंद्र शासनाने २०२१ साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली. अशा वाहनाच्या नोंदणी क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. ते व्यवसायासाठी वापरता येत नाही. त्याचा सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. मूळ भाग जपणाऱ्या कारागिराच्या कौशल्याला यामुळे नवे मोल प्राप्त झाले आहे.

ऊर्जेच्या दृष्टीनेही हा विचार महत्त्वाचा ठरतो. खनिजापासून एक टन ॲल्युमिनियम तयार करण्यासाठी विद्युत-विघटनाच्या टप्प्यातच चौदा ते पंधरा हजार युनिट वीज लागते. भंगार वितळवून तेच ॲल्युमिनियम मिळविण्यास मूळ ऊर्जेच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा पुरते. मात्र जो भाग वितळवावाच लागत नाही, स्वच्छ करून पुन्हा बसविता येतो, त्याची बचत याहूनही मोठी असते.

धातूचा स्वभाव

पितळेच्या भांड्याला कल्हई बाहेरून करावी लागते. ॲल्युमिनियम मात्र स्वतःच स्वतःला कल्हई करून घेते. हवेचा स्पर्श होताच त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर जमतो. हा थर चिवट असून आतील धातूचे रक्षण करतो. ओरखडा उठला तरी तो तत्काळ पुन्हा तयार होतो. लोखंडाचा गंज सुटून पडतो व आतील धातू उघडा करतो. ॲल्युमिनियमचा थर धरून राहतो, हाच दोहोंतील मुख्य भेद होय.

या थराची एक मर्यादा आहे. द्रवाचा सामू साधारणपणे ४ ते ८.५ या दरम्यान असेल तोवर तो टिकतो. त्याहून आम्लधर्मी किंवा त्याहून अल्कधर्मी द्रवात तो विरघळू लागतो. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात धुण्याचा सोडा घालून पाणी उकळले, तर पातेले काळवंडते. हा अनुभव स्वयंपाकघरात अनेकांनी घेतलेला असतो. इंजिनाच्या भागाला कॉस्टिक सोडा लावला की हेच घडते, पण कितीतरी पटींनी अधिक वेगाने.

वाहनांचे भाग शुद्ध ॲल्युमिनियमचे नसतात. ओतकाम नीट वाहावे व भाग मजबूत व्हावा म्हणून त्यात बहुधा पाच ते बारा टक्के सिलिकॉन आणि थोड्या प्रमाणात तांबे, मॅग्नेशियम इत्यादी धातू मिसळलेले असतात. असा भाग लोखंडाच्या साधारण एकतृतीयांश वजनाचा असतो व उष्णता बाहेर टाकण्यात लोखंडाहून सरस ठरतो. म्हणूनच सिलिंडर हेड, गिअरबॉक्सचे कवच, क्रँककेस, टाइमिंग कव्हर यांसाठी त्याचा वापर होतो. परंतु तो मऊ असतो, त्याचे आटे लवकर मरतात आणि असमान उष्णतेने तो वाकतो. स्वच्छतेची प्रत्येक पायरी हा स्वभाव ध्यानी घेऊनच आखावी लागते.

पायरी पहिली : ओळख पटविणे

रुपेरी दिसणारा प्रत्येक भाग ॲल्युमिनियमचा नसतो. प्रथम चुंबक लावून पाहावा. चिकटला तर भाग लोखंडी आहे. न चिकटल्यास वजन पाहावे. अनेक जुन्या कार्ब्युरेटरांची कवचे जस्ताच्या मिश्रधातूची असतात व तेवढ्याच आकाराच्या ॲल्युमिनियमपेक्षा दुपटीहून अधिक जड लागतात. उलट, काही परदेशी वाहनांचे भाग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असून ते ॲल्युमिनियमहूनही हलके असतात. आतील कोरलेल्या, उघड्या जागी व्हिनेगरचा एक थेंब टाकल्यास मॅग्नेशियमवर बुडबुडे उठतात, ॲल्युमिनियमवर उठत नाहीत. ही खात्री आवश्यक आहे. मॅग्नेशियमचा कीस सहज पेट घेतो आणि ती आग पाण्याने विझत नाही, उलट भडकते. त्यासाठी कोरडी वाळू जवळ असावी लागते.

पायरी दुसरी : सुटे करणे

सिलिंडर हेड गरम असताना कधीही खोलू नये. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बाहेरच्या नटांपासून आतल्या नटांकडे जात, प्रत्येक नट थोडा थोडा ढिला करीत काम करावे. एकाच बाजूचे नट आधी काढले तर हेड वाकण्याचा संभव असतो.

ॲल्युमिनियममध्ये बसलेला पोलादी स्टड जॅम होणे, ही नित्याची अडचण होय. दोन भिन्न धातू ओलाव्यात एकत्र राहिले की त्यांच्यात विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. तीत ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. अशा वेळी हातोडा उपयोगी पडत नाही. आत शिरणारे पातळ तेल लावून रात्रभर ठेवावे. नंतर भाग सर्व बाजूंनी सारखा, शंभर-सव्वाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा. तापविण्यापूर्वी बाहेर राहिलेले तेल पुसून काढावे. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे स्टडची पकड सैल होते. उघड्या ज्योतीने एकाच जागी तापविणे किंवा ग्रीस 'जाळून' काढण्यासाठी भाग भट्टीत टाकणे मात्र टाळावे. दोनशे अंशांच्या पुढे अधिक काळ तापल्यास उष्णतोपचार केलेल्या मिश्रधातूचा कठीणपणा कमी होतो. शिवाय ॲल्युमिनियम वितळण्यापूर्वी लोखंडासारखे लाल होत नाही, त्यामुळे ते किती तापले याची सूचना डोळ्यांना मिळत नाही.

पायरी तिसरी : तेल, चिखल आणि काजळी

ओला द्रव वापरण्यापूर्वी जेवढी घाण कोरडी निघेल तेवढी काढावी. त्यासाठी लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी पुरेशी असते. लोखंडी पटाशीने पॅकिंगची बैठक खरवडली, तर पडलेल्या चऱ्यांतून पुढे पाणी व दाब गळतो. कोरडी घाण जितकी अधिक निघेल, तितका द्रव कमी लागतो.

त्यानंतर रॉकेल किंवा डिझेलने नायलॉनच्या ब्रशाच्या साहाय्याने तेलकट थर काढावा. पेट्रोल या कामासाठी वापरू नये. त्याची वाफ जमिनीलगत पसरून दूरच्या ठिणगीनेही पेटते. वापरलेले रॉकेल झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस स्थिर ठेवल्यास गाळ तळाशी बसतो व वरचे रॉकेल पुनःपुन्हा वापरता येते. शेवटी साठ अंशांच्या आसपास गरम पाण्यात सौम्य, अल्कली नसलेला साबण घालून भाग धुवावा, स्वच्छ पाण्याने खळबळून घ्यावा आणि ताबडतोब सुकवावा. बहुसंख्य भागांना येथवरची स्वच्छता पुरेशी होते.

ज्वलनकक्षातील काजळी कठीण असते. ती डिझेलमध्ये एक-दोन दिवस भिजवून लाकडी पट्टीने काढावी. लोखंडी तारेचा ब्रश टाळावा, कारण त्याचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात व पुढे गंजाचे डाग उमटतात. स्टेनलेस पोलादाचा ब्रश वापरावयाचा झाल्यास तो लोखंडी कामासाठी कधीही वापरलेला नसावा.

पायरी चौथी : पांढरे डाग

पावसाळी, दमट हवेत पडून राहिलेल्या भागावर पांढरी भुकटी आणि करडे डाग येतात. त्यांसाठी सौम्य आम्ल चालते. पातळ केलेले फॉस्फरिक आम्ल किंवा लिटरभर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम लिंबूसत्त्व हे त्यांपैकी साधे उपाय होत. आधी भागाच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर प्रयोग करावा. दहा-पंधरा मिनिटांहून अधिक काळ भाग द्रवात विसरून ठेवू नये. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात ओतू नये. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने उरलेले आम्ल मारावे व स्वच्छ पाण्याने धुवावे.

एवढे करूनही धातूत पडलेले खड्डे भरून येत नाहीत. डाग गेला म्हणजे झीज गेली, असे समजू नये. ती किती खोल आहे हे पाहणे, हेच स्वच्छतेचे खरे प्रयोजन आहे.

तीन घातक सवयी

कमी वेळात भाग 'पांढराशुभ्र' करून देण्याच्या मोहातून तीन सवयी जडतात. प्रत्येकीत धातू, माणूस आणि पाणी या तिघांचे एकदमच नुकसान होते.

पहिली सवय कॉस्टिक सोड्याची. लोखंडी भागांसाठी तो चालतो, म्हणून त्याच टबात ॲल्युमिनियमही टाकले जाते. टबात फेस उसळतो, तो हायड्रोजन वायूचा असतो. एक ग्रॅम ॲल्युमिनियम विरघळले तरी सुमारे सव्वा लिटर हायड्रोजन निघतो आणि बंद शेडमध्ये एखादी विडी त्याला पेटविण्यास पुरेशी होते. बाहेर काढलेला भाग काळा पडलेला असतो. धातू विरघळून गेल्यावर मागे राहिलेल्या सिलिकॉन व तांब्याचा तो थर होय. बैठकीचे सपाटपण, आट्यांची धार आणि बेअरिंगच्या जागेचे माप यांची यात हानी होते. कॉस्टिक डोळ्यांत उडाल्यास दृष्टी जाऊ शकते.

दुसरी सवय तीव्र आम्लांची. शौचालय धुण्याच्या हायड्रोक्लोरिक आम्लातील क्लोराइड संरक्षक थराला भोके पाडते. अशी सुरू झालेली खड्ड्यांची झीज भाग धुतल्यानंतरही आतल्या आत चालू राहू शकते. चाके चमकविण्याच्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते सर्वांत धोक्याचे. सौम्य स्वरूपात ते कातडीवर पडले तर प्रथम वेदना होतेच असे नाही, पण ते खोलवर शिरून हाडापर्यंत पोचते व शरीरातील कॅल्शियम शोषून प्राणघातक ठरू शकते. स्पर्श झाल्यास भरपूर पाण्याने धुऊन विलंब न करता रुग्णालय गाठावे व डॉक्टरांना आम्लाचे नाव सांगावे. बाटलीवर घटकांचे नाव नसेल तर तो द्रव दुकानात आणूच नये.

तिसरी सवय वाळूच्या फवाऱ्याची. दाबाच्या हवेने वाळू मारून भाग घासला जातो. वाळूचा कण फुटताना सिलिकाची सूक्ष्म धूळ उडते. ती फुप्फुसात साठून सिलिकोसिस होतो. या रोगावर फुप्फुस पूर्ववत करणारे औषध नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवू शकत नाही. फवाऱ्याची गरज असेलच, तर काचेचे बारीक मणी किंवा सोड्याची भुकटी बंद पेटीत, कमी दाबाने वापरावी. तेलाच्या वाटा आधी बुचांनी बंद कराव्यात व नंतर त्या धुऊन, हवा मारून तपासाव्यात. एका वाटेत राहिलेले चिमूटभर मणी सबंध इंजिन खाऊन टाकतात.

घासकामातून निघणाऱ्या ॲल्युमिनियमच्या बारीक धुळीबद्दलही सावधगिरी हवी. ती हवेत दाट पसरल्यास स्फोटक असते आणि लोखंडाच्या गंजाच्या भुकटीशी मिसळून पेटल्यास प्रखर आग निर्माण करते. ॲल्युमिनियम व लोखंड यांचे घासकाम वेगवेगळ्या जागी करावे, हे यावरून स्पष्ट होईल.

पायरी पाचवी : तपासणी व दुरुस्ती

स्वच्छ भागाची तपासणी महागड्या यंत्रांवाचूनही करता येते. तडा शोधण्यासाठी भागावर रॉकेल लावून थोडा वेळ थांबावे, पुसून कोरडे करावे आणि खडूची भुकटी पसरावी. तड्यात मुरलेले रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्या खडूवर रेघ उमटवते. व्हॉल्व्हच्या बैठकींमधील आणि स्पार्क प्लगच्या भोकाजवळील जागा विशेष काळजीने पाहाव्यात. हेडचा वाक सरळ पट्टी व फीलर गेज यांनी मोजावा आणि निर्मात्याच्या पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावा. वाक मर्यादेबाहेर असेल तरच फेसिंग करावे, कारण प्रत्येक फेसिंगमध्ये धातू कमी होतो व ज्वलनकक्ष लहान होत जातो.

मेलेल्या आट्यांत पोलादी तारेची गुंडाळी बसवून नवे आटे करता येतात. मूळ आट्यांहून ते अनेकदा मजबूत ठरतात. तडा भरण्यासाठी आर्गॉन वेल्डिंग लागते. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना आणि ओतीव मिश्रधातू त्याहूनही आधी वितळतो. त्यावरील ऑक्साइडचा थर मात्र दोन हजार अंशांपर्यंत वितळत नाही. हा थर व धातूत मुरलेले तेल काढल्याशिवाय मारलेले वेल्डिंग धरत नाही. स्वच्छतेतील कसूर अशा रीतीने दुरुस्तीत उघडी पडते.

पुन्हा तीच झीज होऊ नये म्हणून

ओतीव भाग आरशासारखा चमकविण्याची आवश्यकता नसते. कारखान्यातून तो तसा आलेला नव्हता. खरबरीत, मंद रुपेरी पृष्ठभाग हेच त्याचे मूळ रूप होय. बाहेरील भागांना तेलाचा पुसटसा हात पुरे. पोलादी स्टड बसविताना आट्यांना जॅम न होऊ देणारे वंगण लावावे.

हेड झिजण्याचे एक मोठे कारण रेडिएटरमधील पाणी हे असते. विहिरीचे वा बोअरचे क्षारयुक्त पाणी भरल्याने आतून खड्डे पडतात आणि पाण्याच्या वाटांत चुन्याचा थर साचतो. क्षारविरहित पाण्यात गंजरोधक कूलंट ठरावीक प्रमाणात मिसळून भरावे आणि निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत बदलावे. जुने कूलंट बहुधा विषारी असून चवीला गोडसर असते. उघड्यावर ओतल्यास गुरे व कुत्री ते पिण्याचा धोका असतो.

धुण्याचे पाणी जाते कोठे?

तेलाचा पातळ तवंगही पाण्यातील प्राणवायूचा मार्ग अडवितो. कॉस्टिक किंवा आम्ल यांनी पाण्याचा सामू एकदम बदलला की मासे व जलवनस्पती तग धरू शकत नाहीत. वापरलेल्या इंजिन तेलात जड धातू असतात. नाल्याकाठच्या विहिरी व भाजीचे मळे यांना त्याची बाधा पोहोचते. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २४ अन्वये प्रवाहात किंवा विहिरीत प्रदूषक पदार्थ सोडण्यास मनाई आहे. २०१६ च्या घातक कचराविषयक नियमांनुसार वापरलेले तेल अधिकृत पुनर्प्रक्रियाकारासच द्यावे लागते.

छोट्या दुकानाला यासाठी तीन झाकणबंद पिंपे पुरतात. पहिल्यात वापरलेले तेल, दुसऱ्यात निवळत ठेवलेले रॉकेल आणि तिसऱ्यात साबणाचे व सौम्य आम्लाचे पाणी. तिसऱ्या पिंपातील पाण्यात खाण्याचा सोडा थोडा थोडा टाकावा. फसफसणे थांबले की आम्ल संपले, असे समजावे. मात्र भागावरून सुटलेले तेल व धातूचे अंश त्यात असतातच. म्हणून ते पाणी स्थिर ठेवून वरचा तवंग काढून घ्यावा, शक्य तेवढे पाणी पहिल्या धुण्यासाठी पुन्हा वापरावे आणि गाळ वेगळा साठवावा. या गाळाची विल्हेवाट महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शनाने करावी. घातक कचऱ्यासाठीचे सामाईक प्रक्रिया केंद्र रायगड जिल्ह्यात तळोजे येथे आहे.

ग्रामपंचायतीने आणि शाळेने काय करावे?

एकट्या दुकानदाराला दोन-चार किलो गाळ व पाच-दहा लिटर तेल यांसाठी वाहन पाठविणे परवडत नाही. येथेच ग्रामपंचायतीचे कार्य सुरू होते. गावाच्या हद्दीतील दुरुस्तीच्या दुकानांची यादी करणे, तेल व गाळ एकत्र गोळा करण्यासाठी छप्पर व पक्की फरशी असलेली जागा मंडळाच्या सल्ल्याने ठरविणे, महिन्यातील एक दिवस अधिकृत संकलकासाठी नेमून देणे, ही कामे फार खर्चाची नाहीत. ग्रामसभेत या विषयावर चर्चा घडवून दुकानदारांनाच तिच्यात बोलावयास लावले, तर नोटीस बजावण्याचे प्रसंग कमी येतील. दंडाच्या भीतीने द्रव रात्री ओतला जातो. भाग वाचतो, हे पटले की तो द्रव विकतच घेतला जात नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या सहकार्याने कारागिरांसाठी एक-दोन दिवसांची प्रात्यक्षिके योजता येतील. या कसबाचा नवा उद्योग उभारू इच्छिणाऱ्या तरुणांनी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम याच केंद्रांमार्फत राबविला जातो.

शिक्षकांना हा विषय विज्ञानाच्या तासाला सहज आणता येईल. तीन काचेच्या पेल्यांत अनुक्रमे साधे गरम पाणी, लिंबूसत्त्वाचे सौम्य गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याचे गरम पाणी घ्यावे. प्रत्येकात खाद्यपदार्थ गुंडाळण्याच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा तुकडा टाकावा. सोड्याच्या पेल्यात बुडबुडे येऊन तुकडा निस्तेज होत गेलेला मुलांना दिसेल. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः, खिडक्या उघड्या ठेवून, ज्योतीपासून दूर करावा. हळदीच्या पाण्यात भिजवून सुकविलेला कागद अल्कधर्मी पाण्यात लालसर होतो. अशा कागदांनी गावातील नाल्याचे पाणी ठिकठिकाणी पाहून त्याची नोंद ठेवण्याचा उपक्रम वरच्या वर्गांतील विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली करू शकतील. दुकानात काम करणाऱ्या एखाद्या पालकालाही भाग धुऊन झाल्यावर शेवटच्या पाण्यात सोडा उरला आहे काय, हे त्याच कागदाने पाहता येईल.

दुरुस्तीच्या दुकानात दाखल होणाऱ्या मुलाच्या हाती पहिल्या दिवशी धुण्याचा ब्रश येतो. त्या ब्रशाबरोबर टबात काय आहे, ते किती वेळ ठेवावयाचे आणि शेवटी कोठे जावयाचे, या तीन गोष्टी त्याला सांगितल्या गेल्या, तर हेड वाकणार नाही, हात भाजणार नाही आणि गावाच्या नाल्याला वासही येणार नाही. त्या सांगण्याची जबाबदारी मिस्त्रीची तर आहेच, तितकीच ती गावाच्या कारभाऱ्यांची आणि शाळेचीही आहे.